एकेचाळिसावं पान

बारा वाजता मी वाचनालयाचं पुढचं दार आतून लावून घेते. बारा ते चार आमच्याकडे बंद असतं. एवढ्या वेळात गाव जेवतं, लवंडतं, आणि मी गेले चार दिवस मागच्या खोलीत येऊन बसते. डबा उघडते, दोन घास खाते, झाकण लावते. मंगळवारपासून धड झोप नाही. आत्ताही पंखा गरगरतोय, नव्या लोखंडी कपाटांना रंगाचा वास येतोय, टेबलावर हातांची घडी आणि घडीवर माझं कपाळ. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं मी स्वतःला बजावते आहे. पापण्यांच्या आत पुस्तकांच्या कडा सरकतायत, एकीमागून एक, आणि प्रत्येक कडेवर मला काहीतरी वाचायचंय आणि वाचता येत नाहीये.

ही खोली उपळेकर वकिलांची. म्हणजे रविवारी होणार आहे. कोल्हापूरहून दोन तासांवर, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं तालुक्याचं गाव, आणि या गावात वकिलांच्या वाचनाचा केवढा दबदबा होता ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी ते वारले. मुलगा बेळगावला डॉक्टर आहे, त्याने घरातली सगळी पुस्तकं वाचनालयाला दिली. त्याची अट एकच होती, पुस्तकं एका खोलीत एकत्र राहावीत आणि दारावर वडलांचं नाव असावं. मग आम्ही जुन्या वर्तमानपत्रांची खोली रिकामी केली, रंग दिला, कपाटं आणली. नावाचा फलक बुधवारी येऊन पडलाय. मीच तो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

मी शालन, इथली ग्रंथपाल. आलेली पुस्तकं दाखल करून घ्यायची हे माझं काम. नोंदवहीत नोंद करायची, पहिल्या पानावर शिक्का मारायचा, आणि दुसरा शिक्का गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचं असं एक पान ठरलेलं असतं. कुणी पुस्तक लांबवलं, पहिलं पान फाडलं, तरी आत कुठेतरी आपली खूण राहावी म्हणून. बाहेरच्या माणसालाच काय, समितीलाही ते सांगत नाहीत. आमचं पान एकेचाळिसावं.

मंगळवारी शिकारकथांचं एक जुनं पुस्तक उघडून मी एकेचाळिसाव्या पानावर शिक्का टेकवायला गेले, तर तिथे शिक्का होताच. आमचाच. गोल, जांभळा, डावीकडे कललेला, आणि त्याच्याखाली जुन्या ग्रंथपालांच्या बारीक अक्षरात दाखल क्रमांक. मी पहिलं पान पुन्हा बघितलं. तिथला कागद ब्लेडने खरवडून पातळ झालेला, आणि त्यावर वकिलांच्या नावाची छापील चिठ्ठी डकवलेली.

तो कललेला शिक्का मी कुठेही ओळखेन. माझे आबा, म्हणजे वडील, केरबा भोपळे, याच वाचनालयात सतरा वर्षं शिपाई होते. शिक्के मारायचं काम त्यांचं, आणि ते डावखुरे होते.

त्र्याण्णव साली पुस्तकांची मोजदाद झाली तेव्हा साठएक पुस्तकं कमी भरली. किल्ली आबांकडे असायची. समितीची बैठक बसली. उपळेकर वकील तेव्हा उपाध्यक्ष. ते म्हणाले, गरीब माणूस आहे, पोलिसांत देऊ नका, नुसतं कामावरून कमी करा. या मोठेपणाचं गावात कौतुक झालं. माझी आई त्यांच्या घरी जाऊन हात जोडून आली. आबा मग लाकडाच्या वखारीत लागले, खांदा मोडेपर्यंत फळ्या उचलल्या, आणि अकरा वर्षांपूर्वी गेले.

अशी तेवीस पुस्तकं मला सापडलीत. आज शुक्रवार आहे आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. शिक्का माझ्याच खणात असतो. लोक म्हणतील, बापाचं नाव धुऊन काढायला पोरीनं मेलेल्या माणसाच्या पुस्तकांत शिक्के मारले. क्रमांक जुन्या नोंदवहीशी जुळतात, हे मला ठाऊक आहे. तरी भीती वाटते.

आणि दुसरंही एक आहे. ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

त्या दिवसांत मी चौदा वर्षांची होते. शाळेत मुली माझ्याजवळ कंपास उघडा ठेवत नव्हत्या. एका सकाळी आबा घरामागच्या परड्यात बसले होते, मी दप्तर पाठीला लावून निघाले होते, आणि जाता जाता मी विचारलं, "आबा, पुस्तकं तुम्ही नेलीसा काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला, पंजा माझ्याकडे करून. मला वाटलं, आता मारतील, किंवा पुरे म्हणतायत. मी थांबले नाही. त्यानंतर वीस-एकवीस वर्षं आम्ही दोघं बोललो. माझ्या लग्नाचं, त्यांच्या खांद्याचं, पाण्याच्या मोटारीचं. हे नाही.

पंखा गरगरतोय. खिडकीच्या गजावर फडकं आपटल्याचा आवाज येतो. दोनदा, मग जरा थांबून तिसऱ्यांदा.

मी मान उचलत नाही. कोण आहे ते मला माहीत आहे.

"पंखा कशाला एवढा जोरात लावलाईस," आबा म्हणतात. "पानं उडत्यात."

आता मी बघते. खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं. केस काळेभोर. वखारीतले आबा नाहीत हे, त्याच्या आधीचे आहेत. माझ्यापेक्षा वयाने लहान दिसतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

"तुम्ही बंदच्या वेळेत आलासा?"

"मग कवा येऊ? चारला लोकं येत्यात."

ते कपाटावरून फडकं फिरवायला लागतात. वरून खाली, मग कोपऱ्यात बोट घालून. मी उठते. मला सांगायचंय. गेले चार दिवस मी तेच तर घोकते आहे, सांगायला कुणी नव्हतं म्हणून.

"आबा, पुस्तकं सापडली."

"खालचा खण पुसलास काय? वाळवी तिथनंच चढते."

"पुसला. आबा, ऐका की. पुस्तकं..."

"आन ती खिडकी?"

ते पुढच्या कपाटाकडे जातात, मी त्यांच्या मागे. पुढे आणखी एक कपाट आहे. मी चारच कपाटं मागवली होती. हे सहावं, हे सातवं. आबा पुसत पुसत भराभर चाललेत, त्यांच्या अनवाणी पायांचा फरशीवर आवाज येतोय आणि माझ्या चपला मात्र चिकटतायत. माझ्या हातात शिकारकथांचं पुस्तक आहे, एकेचाळिसाव्या पानात बोट घालून धरलेलं. पान मिटलं तर परत सापडणार नाही म्हणून मला घाई झाली आहे.

"आबा, थांबा की जरा."

"थांबून कसं चालंल?" ते मागे न बघता म्हणतात. "गाडी भरायचीय."

खरंच ट्रक उभा आहे. पायाखाली भुसा आहे, ओला, पाय रुतवणारा. वखारीच्या पत्र्याखाली फळ्या उभ्या लावून ठेवल्यात, पुस्तकं लावतात तशा, कडा आपल्याकडे करून. प्रत्येक कडेवर खडूने आकडा. आबांचे केस पांढरे झालेत, उजवा खांदा खाली गेलाय. ते एक फळी ओढून काढतात आणि माझ्यासमोर धरतात.

"ही कुठली, बघ."

मी आकडा बघते. दाखल क्रमांक आहे. तो मला पाठ आहे, तेवीसही पाठ आहेत, पण तोंडाने उच्चारायला गेले की शेवटचा आकडा बदलतो.

"ही तुमचीच," मी म्हणते. "तुम्ही शिक्का मारलेली."

"माझा शिक्का वाकडा यायचा." आबा फळीवरून तळहात फिरवतात, कुसळ लागतंय का बघावं तसा. "ग्रंथपाल म्हणायचे, केरबा, सरळ मारायला काय घेशील? मी म्हणालो, हातच तसा हाय, सायेब."

"त्या वाकडेपणामुळंच सापडली आबा."

"काय सापडलं?"

करवत सुरू होते. मी ओरडून सांगते, माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. आबा मान हलवतात, म्हातारी माणसं न ऐकू आलेल्याला हो म्हणतात तशी, आणि फळी ट्रकमध्ये टाकून दुसरी उचलतात. त्यांचा खांदा मला बघवत नाही. मी फळीचं दुसरं टोक धरते. फळी जड आहे, गुळगुळीत आहे, आणि तिच्यावर कपबश्या मांडलेल्या आहेत.

समितीची बैठक बसलीय. वाचनालयाचं मोठं दालन आहे, लांब टेबल, सात माणसं. चहा ओतलाय. आबा दाराशी उभे आहेत, चपला बाहेर काढून, हात पुढे धरून. टेबलाच्या टोकाशी उपळेकर वकील. पांढरा शर्ट, चष्मा नाकावर. त्यांच्यासमोर पुस्तक उघडं आहे आणि ते ब्लेडने पहिलं पान खरवडतायत. अगदी सावकाश, कागद फाटू नये म्हणून डाव्या हाताने दाबून धरून. भुगा पडला की फुंकर घालतात. सगळ्यांच्या समोर चाललंय आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही.

"गरीब माणूस आहे," वकील मान वर न करता म्हणतात. "जाऊ द्या."

"जाऊ द्या, जाऊ द्या," टेबलाभोवती सगळे म्हणतात. त्यांच्यात मोकाशी सर आहेत. आता ते आमचे कार्यवाह आहेत, टक्कल पडलंय. इथे त्यांना दाट केस आहेत आणि ते आपल्या बशीतल्या चहाकडे बघत बसलेत.

मी उभी राहते. खुर्ची मागे पडते. आता बोलायचं, आत्ताच, एकेचाळिसावं पान उघडून त्या बशीशेजारी ठेवायचं. मी तोंड उघडते आणि तोंडात काहीतरी भरलेलं आहे. काळं, तुरट, हिरड्यांना झोंबणारं. जीभ हलत नाही. बोलले तर सगळं अंगावर सांडेल. मी हात वर करते, पंजा त्यांच्याकडे करून. थांबा. थांबा जरा, एवढं थुंकून येते.

वकील माझ्या पंजाकडे बघतात, ब्लेड पुसून कागदात गुंडाळतात. "हिला काही म्हणायचं नाही," असं कुणीतरी म्हणतं. खुर्च्या सरकतात. सगळे उठतात, चालायला लागतात, आबांच्या शेजारून एकेक करून दाराबाहेर जातात, आणि माझा हात अजून वरच आहे.

"चूळ भर," आबा म्हणतात.

ते माझ्याशेजारी दगडावर उकिडवे बसलेत. आमच्या घरचं परडं आहे. बंबाचा धूर, जास्वंदीखाली ओली जागा. ते पितळी तांब्या माझ्यापुढे करतात. मी चूळ भरते, काळं पाणी जास्वंदीच्या मुळाशी जातं. परत भरते. आबा आपलं बोट धुतात, ओठाच्या कडेला राहिलेली मिश्री पुसतात.

"तोंडात मिश्री असली की बोलता येत न्हाई," ते म्हणतात. "हातानं सांगितलं, थांब. थुंकून आलो तर तू वळणावर गेल्याली."

रस्त्याच्या वळणावर निळं दप्तर दिसतंय, लहान होत चाललेलं.

"मला वाटलं तुम्ही चिडलासा."

"मी कशाला चिडू?"

"मी तसं विचारलं म्हणून. चोरी केली का म्हणून."

आबा तांब्या पालथा घालतात. "सातजण हुते तिथं," ते म्हणतात. "कुणी इचारलं न्हाई. त्यांनी मला सांगितलं. तुझी आई, तिनंबी सांगितलंच, आता गप ऱ्हावा म्हणून. इचारलं तू एकटीनं."

बंबात लाकूड फुटतं. मला रडू यायला हवं, पण येत नाही. आत नुसती धावपळ चाललीय, काहीतरी सुटतंय, कुठेतरी जायचं राहिलंय अशी.

"मग संध्याकाळी का नाही सांगितलं?"

"वाट बघितली. परत इचारशील म्हणून."

"एवढी वर्षं?"

"लांबतं मग ते," आबा म्हणतात. मोटार दुरुस्त करायला न्यायची राहून गेली हे सांगताना जसे म्हणायचे, तसंच.

मी त्यांच्याकडे तोंड करून बसते. दोघंही उकिडवे, गुडघ्याला गुडघा लागतोय. त्यांच्या मिशीवर पाण्याचा थेंब आहे.

"आता विचारू?"

"इचार की."

"आबा, पुस्तकं तुम्ही नेलीसा काय?"

"न्हाई," आबा म्हणतात.

एवढंच. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठतात. "चल. चार वाजत्याल."

आम्ही मोठ्या दालनात आहोत. दुपारची उन्हं वरच्या झडपांतून खाली आलीत. भिंतीला लागून आमची जुनी शिसवी कपाटं, मी रोज बघते तीच, पण त्यांत पुस्तकांच्या रांगांना मधूनमधून खिंडारं पडलीत. एकेका पुस्तकाएवढी जागा मोकळी. आणि प्रत्येक मोकळ्या जागेत काहीतरी घडी करून ठेवलंय. कुठे टॉवेल, कुठे हातरुमाल, एके ठिकाणी आबांची गांधी टोपी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी.

"जागा धरून ठेवल्यात," आबा म्हणतात. "पर लई दिवस कोण ठेवू देत न्हाई. आण लवकर."

"मागच्या खोलीत आहेत. तेवीसच आहेत आबा. बाकीची नाहीत त्यांच्यात."

"हाईत तेवढी तर आण. बांध."

पुस्तकं पायाशीच आहेत. आबा गठ्ठा रचतात, मोठी खाली, लहान वर, कडा तळहाताने ठोकून सारख्या करतात. कुठून तरी सुतळी काढतात, उभी आडवी फिरवतात, पहिली गाठ मारतात.

"बोट ठेव."

मी गाठीवर बोट ठेवते. आबा माझ्या बोटावरून सुतळी घेतात आणि ओढतात. त्यांचा डावा हात मला दिसतो, नखात जांभळी शाई. सुतळी रुतते.

"लागतंय आबा."

"लागंल. सोडू नको."

कुठेतरी दार वाजतंय. चार वाजले. लोक आले. रुमाल एकेक करून खाली पडायला लागलेत, जागा मिटतायत, पुस्तकं एकमेकांकडे सरकतायत.

"कुणीतरी आलंय."

"येऊ दे. सोडू नको अजून," आबा ओढता ओढता म्हणतात. "अजून. अजून..."

दार वाजतंय.

पंखा. रंगाचा वास. टेबलाला चिकटलेला गाल मी सोडवते. तेवीस पुस्तकं टेबलावर जशी पसरलेली होती तशीच पसरलेली आहेत. गठ्ठा नाही. सुतळी या खोलीत नाहीच, बाहेर माझ्या खणात तिचं रीळ आहे आणि खणाला कुलूप आहे. शिकारकथांचं पुस्तक मात्र उघडं आहे.

मी जाऊन दार उघडते. पावणेचार झालेत. मोकाशी सर आहेत, हातात निमंत्रणांची पिशवी, कपाळ घामाने भिजलेलं.

"किती वेळ वाजवतोय मी. झोप लागली होती काय, शालनताई?"

"लागली होती."

"असू दे. जागरणं झालीत तुमचीही." ते माझ्या मागोमाग खोलीत येतात, खुर्चीत बसतात, कागद काढतात. "वकिलांची पुस्तकं एकूण किती झाली? रविवारी अध्यक्षांना भाषणात आकडा लागतो."

"बाराशे अठरा आलीत," मी म्हणते. "त्यातनं तेवीस वजा करा."

"का? वाळवी?"

मी शिकारकथांचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवते. सर चष्मा लावतात. मी पहिलं पान दाखवते, मग एकेचाळिसावं. मग दुसरं पुस्तक. मग वनस्पतींवरचं एक जाड. चौथ्यापासून ते स्वतःच उघडायला लागतात, आधी एकेचाळिसावं पान, मग पहिलं. चिठ्ठीच्या कडेवरून अंगठा फिरवतात. मी जुनी नोंदवही आणून त्यांच्यासमोर उघडते आणि उभी राहते. पाय दुखतायत.

ते नोंदवहीतल्या क्रमांकांवरून बोट फिरवत एकेक पुस्तकाशी ताडून बघतात.

"रविवारी कार्यक्रम आहे," शेवटी म्हणतात.

"आहे."

"डॉक्टर येणार बेळगावहून. सगळं कुटुंब येणार. सोमवारी निवांत बसून बोललो तर?"

"सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, सर."

ते चष्मा काढतात, धोतराच्या सोग्याने पुसतात, परत लावतात. सरांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं, वाईट माणूस नाही. माझी इथली नेमणूक झाली तेव्हा दोन सभासद कुरकुरले होते, त्यांना सरांनीच गप्प केलं होतं. ते खाली बघत म्हणतात, "खरं सांगू? मला तेव्हाच वाटलं होतं. केरबा असलं काही करणारा माणूस नव्हे."

"मग तेव्हा विचारलं का नाही, सर?"

मी आवाज चढवलेला नाही. ऐकायचंय म्हणून विचारते आहे. मी थांबते. सर उत्तर शोधतायत, आणि मी आहे तिथेच उभी आहे. मला कुठेही जायचं नाहीये.

"वकिलांच्या समोर..." ते म्हणतात, आणि नोंदवहीवरून हात काढून घेतात. मग, "मी तिथं सगळ्यात लहान होतो. पण तेही काही कारण नव्हे."

"नाही," मी म्हणते.

बाहेर कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज येतो. सर निमंत्रणांची पिशवी उचलून खुर्चीखाली ठेवतात. खिशातून पेन काढतात, भाषणाच्या आकड्यासाठी आणलेला कागद उलटा करतात.

"त्र्याण्णवचं इतिवृत्त कपाटात असेल?"

"आहे."

"ते काढून ठेवा. उद्या सकाळी दहाला समिती बोलावतो. तो ठराव दुरुस्त झाल्याशिवाय रविवारचं काही ठरायचं नाही. डॉक्टरांना मी फोन करतो, ते माझं काम." ते पेनाचं टोपण काढतात. "तुम्ही क्रमांक सांगा. मी माझ्या हातानं लिहितो."

मी पहिलं पुस्तक जवळ ओढते आणि एकेचाळिसाव्या पानावर, कललेल्या शिक्क्याच्या खाली, बोट ठेवते.

"बोटाला काय झालं?" सर विचारतात.

मी बघते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या जरा वर, खोल वळ आहे. लाल, आडवा, आणि त्यात सुतळीचा पीळ न पीळ उमटलेला. दाबलं तर दुखतो.

"आम्ही गाठ बांधत होतो," मी म्हणते, आणि त्या बोटाखालचा आकडा वाचायला लागते.